कारण अज्ञात

डॉक्टरीणबाईंनी ते वाक्य उच्चारलं आणि बाबांनी दोन्ही पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले. एवढंच झालं. कुणाच्या लक्षात यावं असं त्यात काही नव्हतं. खुर्चीत बसलेला माणूस पाय पुढे घेतो, मागे घेतो, त्याची कुणी बातमी करत नाही. पण लवंगीच्या लक्षात आलं, कारण जग तिला नेहमी खालून वर असंच दिसत आलेलं. इतरांना माणूस भेटला की आधी त्याचं तोंड भेटतं. तिला आधी भेटायचे पट्टे, खिसे, पिशव्यांची बुडं आणि बूट. बुटांतलं तिला कळायचंही, बापाचं दुकानच बुटांचं. तर ते काळे, जाड टाचेचे, आरशासारखे चकचकीत बूट चोरासारखे मागे सरकले, खुर्चीच्या सावलीत जाऊन बसले, आणि लवंगीचा अंदाज कुठेतरी चुकला. जिना उतरताना अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन निघावी, तसं.

वाक्य तसं साधंच होतं. "बदल सापडलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "एका जनुकात. हाडाच्या टोकाशी कूर्चा असते ना, मऊ हाड म्हणा, तिच्या घडणीचा जनुक आहे हा. प्रत्येक जनुकाच्या आपल्याला दोन प्रती मिळतात, एक आईची, एक वडिलांची. हिच्या एका प्रतीत हा बदल आहे. पण तो याआधी कुणात नोंदलेला नाही, त्यामुळे गुन्हेगार तोच की तो नुसताच तिथे उभा होता, हे कळेना. म्हणून तुमचं दोघांचं रक्त मागवलं. तर तो आलाय वडिलांकडून." मग त्यांनी चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं, डोक्यापासून टेबलाच्या कडेपर्यंत, दुकानात गिऱ्हाईक माल पाहतं तसं. "आणि तुमची उंची तर चांगली आहे. तुमच्यात असून तुमचं काही अडलं नाही, म्हणजे हिच्या उंचीशी त्याचा संबंध नसणार. थोडक्यात, आपण होतो तिथेच. कारण अज्ञात."

कारण अज्ञात. हे दोन शब्द लवंगी बालवाडीपासून गळ्यात अडकवून हिंडत होती. दरवेळी नवा डॉक्टर, नवी सुई, नवी कापसाची बोळी, आणि शेवटी तेच. थायरॉइड ठीक, पोट ठीक, मूत्रपिंड ठीक, वाढीचं हार्मोन तर इतकं ठीक की एका डॉक्टरांनी अभिनंदनच केलं. मुलगी सोडून मुलीचं सगळं ठीक होतं. फक्त मनगटाचा एक्स-रे काढला की जो तो आपला चष्मा पुसायला घ्यायचा. हाडं वयाच्या मानाने पुढे निघालीत म्हणे, हाडांना घाई झालीय. अंगाला आळस आणि हाडांना घाई, असा तिच्या शरीराचा कारभार. गेल्या वर्षी याच खोलीत याच बाईंनी ती फिल्म उजेडाला धरली आणि सांगितलं की वाढीच्या पट्ट्या मिटल्या, आता जेवढी झालीस तेवढीच. बाबांच्या दुकानाचं शटर खाली येतं तसं काहीतरी तेव्हा डोळ्यांपुढे खाली आलं. आई रडली. बाबा गाडी आणतो म्हणून उठले आणि बराच वेळ गाडी त्यांना सापडेना. आणि लवंगीला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. चला, संपलं. आता दाराच्या चौकटीतल्या दांड्याला सकाळ-संध्याकाळ लोंबकळायला नको, डब्यावर जिराफाचं चित्र असलेली पावडर दुधात कालवून प्यायला नको, आणि जिच्या स्वतःच्या मुलाला सातवीत दोनदा बसावं लागलं त्या शेजारणीचा 'हिला दोरीवरच्या उड्या मारायला लावा' हा सल्ला नको. माणसांची एक गंमत तिने पाहून ठेवली होती. स्वतःच्या वाढीबद्दल ज्यांना काडीचं श्रेय नाही, तेच दुसऱ्याच्या वाढीबद्दल सर्वांत जास्त बोलतात. नुसते उभे राहिले, वाढले, आणि आता व्याख्यानं देतात. फणस काय कमी वाढतो?

लवंगी हे नाव आत्याने ठेवलेलं. लवंगी मिरची, छोटी पण तिखट. म्हणजे बघा, अपमान कसा साखरेत घोळवून द्यावा. आत्या उंच होती आणि तिला आयुष्यात दुसरं काही जमलं नव्हतं, त्यामुळे ती उंचीवरच बसून राहिली होती. घरी आली की दारातून आत येताना उगाच मान वाकवायची, चौकट तिच्या डोक्याच्या पार वर असली तरी. "आमच्या घराण्यात नाही हो असं कुणी," चहाचा कप हातात आला की ती सुरू करायची, "दादाला बघा, मला बघा. आता खाण तशी माती, आपण काय करणार." आणि हे बोलताना ती आईकडे पाहायची नाही, मुद्दाम खिडकीकडे पाहायची. आई आपली बशा गोळा करायची. आई लहानखुरी, दुकानात मुलींच्या फळीवरचे बूट तिला बसायचे. तेव्हा सगळं कसं चोख जुळत होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लवंगीने लहानपणी आईच्या कुशीत झोपता झोपता तिला एकदा विचारलंही होतं, "तू मला अशी का केलीस?" आईने काय उत्तर दिलं ते तिला आठवत नव्हतं. पाठीवर फिरणारा हात मात्र मध्येच थांबला होता, आणि त्याचं थांबणं अजून तिच्या पाठीत कुठेतरी होतं.

यंदाच्या वर्षी एक गोष्ट नवी झाली होती. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत लवंगी पहिली आली होती. त्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे, भाषणाच्या टेबलामागे शिपायाने तिच्यासाठी आणून ठेवलेला लाकडी खोका तिने पायाने बाजूला सारला होता. पहिल्या रांगेला तिचे फक्त केस दिसत होते म्हणे. मागून हसू आलं, आणि मग तिचा आवाज सुरू झाला आणि हसू जागच्या जागी वाळलं. त्या दिवशी तिला शोध लागला की तुच्छतेला उंची लागत नाही. माणूस कितीही उंच असो, एका भुवईने त्याला आपल्या खाली आणता येतं. तेव्हापासून ती दिसेल त्याला खाली आणत सुटली होती. ढोपरांवर हात टेकून, बालवाडीतल्या मुलाशी बोलावं तशा आवाजात 'काय गं, कितवीत?' विचारणारे काका. गर्दीत तिच्या डोक्यावर कोपर टेकून उभा राहणारा वर्गातला खांब. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं असं वाटणारे झाडून सगळे पाहुणे. प्रत्येकाला ती मनातल्या मनात एक ओळीचा निकाल लावायची, आणि त्या निकालांवर ती अशी ऐसपैस बसली होती की खालची जमीन दिसेनाशी झाली होती. घरात एकट्या बाबांना तिने कधी निकाल लावला नव्हता. बाबा तिचे होते. हसण्यातले साथीदार होते.

"धाकटीचं आता जनुकाचं तपासायला नको," डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. "हाच बदल कारण ठरला असता तर गोष्ट वेगळी. अशा मुलांची हाडं लवकर पिकतात, आधी कळलं तर उपचार करून थोडं तरी हाती लागतं. खात्री नसते, संधी असते. पण आता नुसतं पाहत राहू. वर्षाने आणा." धाकटी सहा वर्षांची होती आणि खोलीच्या कोपऱ्यात भिंतीवरच्या कागदी जिराफाला पाठ लावून उभी होती. त्या जिराफाच्या मानेवर पट्टी छापलेली, पोरांची उंची मोजायला. धाकटी अजून जिराफाच्या पोटाखालीच होती. वर्गात तिच्याहून बुटकं आता कुणी उरलं नव्हतं, आणि परवाच शाळेतून येऊन तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं की सकाळच्या ओळीत बाईंनी मला सगळ्यांत पुढे उभं केलं. लवंगीला ते कौतुक पाहवलं नव्हतं. ओळीत पुढे उभं राहणं म्हणजे काय असतं हे तिला ठाऊक होतं. आयुष्यभर पाठीमागून हसू येतं आणि मान वळवायची सोय नसते.

"कागद तयार होतोय, पाच मिनिटं बाहेर बसा, सही करून देते," बाई म्हणाल्या. सगळे उठले. बाबा सगळ्यांत शेवटी, खुर्चीच्या दांडीवर हात टेकून, गुडघ्याला शिवी द्यावी तसं तोंड करून. मग ते दारातून पुढे निघाले आणि बाहेरच्या लांबलचक, फिनाइलच्या वासाच्या व्हरांड्यात त्यांच्या बुटांचा आवाज घुमायला लागला. ठक, ठक, ठक. लवंगी मागून ऐकत राहिली. हा आवाज तिने जन्मापासून ऐकला होता, जिन्यावरून हा आवाज आला की घर सावरून बसायचं. आणि आज पहिल्यांदा तिच्या, दुकानदाराच्या पोरीच्या, कानाला त्यात खोट लागली. टाच पडतेय, पण टाचेचा आवाज टाचेतून येत नाहीये. मध्ये काहीतरी आहे. मऊ काहीतरी.

ते काय असू शकतं हे तिला माहीत होतं, आणि वाईट म्हणजे ती वस्तू तिला लहानपणापासून माहीत होती. दुकानात गल्ल्याखाली एक ड्रॉवर होता. त्यात बुचाच्या लाकडाच्या उतरत्या चकत्या असायच्या, पातळ, मध्यम, जाड. बुटाच्या आत टाचेखाली सरकवल्या की माणूस वर येतो आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यांची जाहिरात नव्हती, पाटी नव्हती. एखादा पुरुष बराच वेळ मोज्यांच्या फळीशी घुटमळायचा, दुकान रिकामं व्हायची वाट बघायचा, मग बाबांच्या कानाशी वाकून म्हणायचा, "ते आहे का, ते?" बाबा शांतपणे ड्रॉवर उघडायचे. "टाच टेकवा, साहेब," ते नेहमीच्या बसक्या स्टुलावर बसून म्हणायचे. हे वाक्य ते प्रत्येकालाच म्हणायचे, दिवसभर, कारण लोकांना खोड असते, माप घेताना पाय अवघडून टाच उचलून धरतात आणि मग घरी जाऊन बूट चावतो. "टाच टेकवा, बाई. टाच टेकव, बाळा." आणि तो चकतीवाला माणूस नव्या उंचीने छाती काढून काचेच्या दाराबाहेर पडला की बाबा लवंगीकडे बघून डोळा मारायचे. "बघ. गेला हिमालय." आणि दोघं हसायची, पोट धरून, बाबा स्टुलावर आणि ती खोक्यांच्या ढिगावर. तिच्या आयुष्यातल्या पहिल्या हसण्यांपैकी ते हसणं होतं. दुसऱ्याला खाली आणायचं कसं, हे ती तिथे शिकली. शिकवणारा चकत्यांवर उभा होता.

आता एकदा धागा हाती आल्यावर सगळं विणकाम भराभर उसवायला लागलं. घरात बाबा जाड तळव्यांच्या सपाता घालायचे, न्हाणीच्या दारापासून पलंगाच्या काठापर्यंत. गुडघ्यांसाठी सांगितल्यात, म्हणायचे, पण कुठल्या डॉक्टरने, ते कधी कळलं नव्हतं. आणि गुडघे खरंच दुखायचे, तिला आठवतं तेव्हापासून, ऐन तरुण वयापासून. मऊ हाड, म्हणाल्या होत्या ना बाई? आणि ती आजी, बाबांची आई, जिला लवंगीने पाहिलेलं नाही, ती भिंतीवरच्या प्रत्येक फोटोत बसलेली. बाकीचे उभे, आजी खुर्चीत. किती मान होता तेव्हा म्हाताऱ्या माणसांना, असं आत्या सांगायची. मान कसला, डोंबल. उभी केली असती तर फोटोत दिसली असती की नाही कोण जाणे. खाण तशी माती, आत्याबाई, अगदी बरोबर. फक्त खाण कुठली, ते खिडकीबाहेर बघून सांगत होतात. आणि हे सगळं दिसत असून दिसलं कसं नाही? तर खालून पाहणाऱ्याला सगळेच उंच दिसतात. त्यात बोटभर जास्त कोण आणि बोटभर उसना कोण, हे मोजायला आधी त्यांच्या बरोबरीला यावं लागतं.

पण दवाखान्याने तरी मोजायचं होतं. तोही प्रसंग तिला लख्ख आठवला आणि हसू आलं, वाईट हसू. पहिल्या भेटीत नर्सने आईला चपला काढायला लावल्या, भिंतीला उभं केलं, डोक्यावर फळी टेकवली, हनुवटी सरळ करवली आणि आकडा लिहिला. मग बाबांकडे वळून पेन उचलून विचारलं, "तुमची किती?" बाबांनी सांगितलं, पाच-पाच. दुकानात भाव सांगतात तसं, एकच भाव, घासाघीस नाही. नर्सने लिहून टाकलं. आईची मोजली, बाबांची विचारली. एवढी यंत्रं, एवढी शिकलेली माणसं, रक्ताच्या थेंबातलं अक्षर न् अक्षर वाचणारी. आणि सगळ्याच्या बुडाशी एका बूटविक्याचा शब्द, आणि त्या शब्दाच्या बुडाशी बुचाची चकती.

बाकावर आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. लवंगी तिच्या शेजारी बसली, तिचे पाय नेहमीप्रमाणे अधांतरी.

"आई, बाबांची उंची किती गं?"

"आत्ता मध्येच काय तुझं."

"सांग ना."

"असेल ती. मला काय ठाऊक."

"इतकी वर्षं शेजारी उभी राहतेस आणि ठाऊक नाही?"

आई पिशवीत रुमाल शोधायला लागली. रुमाल तिच्या हातातच होता. "माझ्याएवढेच असतील," ती म्हणाली. "बोटभर कमीच. लग्नानंतर आठ दिवसांनी कळलं मला. मी हसले. त्यांनी दोन दिवस अन्न सोडलं. मग मी परत कधी हसले नाही."

"आणि आत्याचं ऐकत राहिलीस? खाण तशी माती?"

"आत्यांचं कोण मनावर घेतं."

"मी घेतलं."

आईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. लवंगीला आणखी बोलायचं होतं, तिच्याकडे वाक्यं तयार होती, एकाहून एक धारदार, स्पर्धेत टाळ्या घेतील अशी. तू बशा गोळा करत राहिलीस. तू सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त सांभाळलंस. पण आईचा हात पिशवीवर तसाच थांबला होता, त्या जुन्या रात्रीसारखा, आणि लवंगीला अचानक कळलं की तेव्हाही हा हात उत्तर माहीत नसल्यामुळे थांबला नव्हता.

"त्यांना त्यानं बरं वाटायचं," आई म्हणाली. "माझं काय जात होतं? तुझ्याशी त्याचा काही संबंध असेल हे मला कुठे कळत होतं गं. मला वाटलं, खोटं बुटातच राहील."

बाबा व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या टाकीशी उभे होते. पाणी पिऊन झालं होतं तरी पेला हातात घेऊन उभे होते. लवंगी त्यांच्याकडे चालत गेली. चालताना तिला स्वतःचा राग फार देखणा वाटत होता, इस्त्री केल्यासारखा. हा माणूस. भिंतीशी उभं करून दर महिन्याला माझं माप घ्यायचा, पेन्सिलीने रेघ मारायचा, आणि मी चवड्यांवर उठले की दरडावायचा, टाच टेकव, खोटी उंची चालायची नाही. खोटी उंची चालायची नाही! आणि हे सांगताना स्वतः सपातांवर.

"बाबा, आत जाऊन सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"तुम्हाला माहितीय."

बाबा हसले. दुकानातलं हसू, माल नसताना काढतात ते. "अगं, त्या एवढ्या शिकलेल्या बाई, त्यांना काय करायचंय माझ्या बुटांशी?"

"धाकटीला करायचंय."

"धाकटीला काय झालंय? वाढेल की. वेळ लागतो काहींना. मी नाही वाढलो?"

"नाही, बाबा," लवंगी म्हणाली. "तुम्ही नाही वाढलात."

हे तिने अगदी हळू म्हटलं. स्पर्धेतल्या आवाजात म्हणायचं ठरवलं होतं, पण तो आवाज आयत्या वेळी कुठे गेला कोण जाणे. बाबांनी पेला टाकीवर ठेवला. त्यांच्या तोंडावर काही फुटलं वगैरे नाही. गालाच्या आतून कुणीतरी हवा काढून घ्यावी तसं तोंड थोडं सैल झालं, बस्स. आणि लवंगीला त्यांचा विलक्षण तिटकारा आला. त्या सैल गालांचा, रंगवलेल्या मिशीचा, उगाच ताठ मानेचा, त्या मानेखालच्या सगळ्या खटाटोपाचा. एवढीशी लबाडी, आणि तीसुद्धा स्वतःला निभावता येऊ नये. मोठी तरी करायची.

"दिवसभर लोकांच्या पायाशी बसतो गं मी," बाबा म्हणाले, तिच्याकडे न बघता. "त्यांचे मोजे हुंगतो. उठून उभा राहिलो की तरी वाटायचं, चार माणसांत... तुला नाही कळायचं."

"मला?" लवंगी म्हणाली. "मला नाही कळणार?"

बाबांनी पेला पुन्हा उचलला. तिला त्या क्षणी तो लाकडी खोका आठवला, पायाने सारलेला. किती शूर वाटलं होतं. आणि सारल्यावर ती उभी राहिली होती कशावर? हसणाऱ्यांना लावलेल्या एकेक निकालावर, रचून रचून. हा विचार तिला मुळीच आवडला नाही आणि तिने तो तिथल्या तिथे मोडून टाकला, पण त्याचा तुकडा लागलाच कुठेतरी.

"ताई, इकडे बघ!" धाकटी डॉक्टरांच्या दाराजवळून ओरडली. तिला बाहेरच्या भिंतीवर आणखी एक जिराफ सापडला होता, आणि ती त्याला पाठ टेकून, गाल फुगवून, चवड्यांवर उभी राहून थरथरत होती. "मी वाढले. इथे आले. बाबा, बघा ना."

"टाच टेकव," बाबा म्हणाले.

सवयीने म्हणाले. दिवसातून पन्नासदा म्हणतात तसंच, लक्ष नसताना. धाकटीने निमूटपणे टाच टेकवली आणि जिराफाच्या पोटाखाली गेली. आणि बाबा स्वतःच्याच वाक्याकडे पाहत उभे राहिले, कुणी दुसरंच बोललं आणि आता त्याला शोधायचंय, असे.

नर्सने आत बोलावलं. कागद टेबलावर तयार होता, बाईंच्या हातात पेन होतं. सगळे आपापल्या खुर्च्यांवर बसले. बाबांचे पाय पुन्हा खुर्चीखाली गेले. लवंगीने बाबांकडे पाहिलं. बोला. बोला ना. अजून वेळ आहे, पेन अजून टेकलेलं नाही. स्वतः बोललात तर मी माफ करीन, निदान प्रयत्न करीन. बाबा काचेच्या पेपरवेटकडे बघत होते. त्यात एक छोटं गलबत होतं. आई बाबांकडे बघत होती. डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं, आणि धाकटी आपल्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती, अधांतरी, दोन्ही.

"डॉक्टर," लवंगी म्हणाली, "बाबांची उंची मोजायची राहिलीय."

बाईंनी मान वर केली. "लिहिलीय की इथे."

"लिहिलीय. मोजली नाहीये."

वर्षभराच्या सगळ्या तयार निकालांतून तिच्या तोंडून शेवटी एवढंच निघालं, रेशनच्या दुकानात सांगतात तसं, कोरडं. डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग, पहिल्यांदाच, टेबलाच्या कडेवरून खाली, बुटांकडे. शिकलेली बाई होती, कळायला वेळ लागला नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "या," त्या म्हणाल्या, फार साध्या आवाजात, "बूट काढून इथे उभे राहा जरा."

बाबा उठले. मोजायच्या फळीपाशी जाऊन उभे राहिले आणि बुटांकडे बघत राहिले. वाकायला जावं तर गुडघे वाकू देईनात. आयुष्यभर दुसऱ्यांचे बूट काढलेला माणूस स्वतःच्या नाडीपर्यंत पोचेना. आई अर्धवट उठली. पण लवंगी तिच्याआधी पोचली होती. तिला वाकावं फारसं लागत नाही, हा एक फायदा. तिने जमिनीवर बसून नाडी सोडली, टाचेमागे बोट घालून, बाबा शिकवायचे तसा, बूट सरळ मागे ओढला. आतली चकती तिच्या तळहातावर पडली. जाड होती, ड्रॉवरमधल्या सर्वांत खालच्या कप्प्यातली, घामाने काळी पडलेली, टाचेचा खळगा पडलेली. आणि गरम होती. ते मात्र तिला अपेक्षित नव्हतं. तिने ती बुटाशेजारी ठेवली, दुसरी तिच्याशेजारी ठेवली, आणि सगळी खोली ती जोडी बघत राहिली. धाकटीने विचारलं, "हे काय आहे, बाबा?" कुणी सांगितलं नाही.

बाबांनी भिंतीला पाठ लावली. डॉक्टरीणबाईंनी वरची फळी धरली आणि खाली सरकवायला सुरुवात केली. फळी खाली आली. आणखी खाली आली. इतक्या खाली यायची त्या फळीलाही सवय नसावी, मध्येच ती कुरकुरली. लवंगी अजून जमिनीवरच होती, म्हणून तिला ते दिसलं. मोज्यातल्या दोन्ही टाचा जमिनीवरून हलकेच सुटल्या होत्या. अगदी थोड्या. कुणाला फसवावं म्हणून नव्हे, जग बघतंय म्हणूनही नव्हे. आता बघायला काही उरलंच नव्हतं. फळी डोक्याकडे येतेय एवढंच कळून त्या आपल्या आपण उठल्या होत्या आणि थरथरत होत्या, धाकटीच्या थरथरत होत्या तशाच.

तिने तिरस्कार शोधला. तो होता, जागच्या जागी होता, कुठे गेला नव्हता. तिने दोन्ही हात बाबांच्या पावलांवर ठेवले आणि खाली दाबले.

"टाच टेकवा, बाबा," ती म्हणाली.